मोकळा शनिवार

शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांमागे, कॉफीचं एक लांब टेबल आहे. मंगळवारी सकाळी ब्रिटा तीन वर्षांच्या नेलला कडेवर घेऊन तिथं पोचली, तेव्हा तिचे सासरे डेल्बर्ट फासे खुळखुळवत होते. हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची, हा तिथला जुना नेम.

"आज कामावर नाही?" डेल्बर्टनी विचारलं.

"रजा टाकली. म्हटलं, आज नेलला बालवाडीत मीच सोडते."

"मी होतो की."

तीच तर काळजी होती. गुरुवारी संध्याकाळी जेवताना नेल बटाटा कुस्करत सहज म्हणाली होती, "आजोबा गाडीत झोपले. दिवा हिरवा झाला. मागची गाडी पों पों करत होती." नवरा, ट्रॉय, हसला. वडील आजारी पडू शकतात हे त्याच्या गावीच नव्हतं. ब्रिटानं मात्र काटा खाली ठेवला. सप्टेंबरात डॉक्टरांनी डेल्बर्टना सांगितलं होतं, हृदयाची झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल. मध्येच शुद्ध हरपली तर मग ऑपरेशन लांबवू नका. त्याची ऑक्टोबरातली तारीखही मिळाली होती. मग डेल्बर्टच एकदा म्हणाले, डॉक्टरांनी पुढे ढकललंय, घाई नाही म्हणतात.

सासूबाई गेल्यापासून रोज सकाळी नातीला बालवाडीत सोडणं एवढंच एक काम त्या माणसाला उरलं होतं. ते कसं काढून घ्यायचं, याची वाक्यं ब्रिटा चार दिवस मनात जुळवत होती. धड झोपही झाली नव्हती. शुक्रवारी आणि काल काहीतरी निमित्त काढून तिनंच नेलला सोडलं होतं. आता निमित्तंही संपली होती.

टेबलाशी आणखी दोघं होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत येणारा लाईल आणि निवृत्त शिक्षिका आर्डिस, जिनं तीस वर्षांत गावातल्या कॉलेजचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता. विषय अर्थात एकच होता. रविवारी कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच ब्रॅनिगन दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजात निघून गेले होते.

"हा पाचवा," लाईल म्हणाला. "इथं येतात, शिकतात, नि शहाणे झाले की पळतात. आपण काय बालवाडी चालवतो?"

"यंदा नऊ सामने जिंकून दिले त्यानं," आर्डिस म्हणाली. "तुझ्या लाडक्या जुन्या कोचनं किती दिले होते? तीन?"

"तो निदान नदीपलीकडच्या कॉलेजला भीत नव्हता. यानं पिढ्यान्‌पिढ्यांचा सामना बंद पाडला. नि त्या जागी कोणाला आणलं? खेळाडूंपेक्षा बँडवाले जास्त असलेल्या फुटकळ संघाला."

"कोचनं नाही रे, लीगनं बंद पाडला," डेल्बर्ट म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. तिथं पुढच्या आठ वर्षांचे सामने छापलेले होते. "आणि कायमचा कुठं? हे बघ, दोन हजार एकतीस साली ते पुन्हा आपल्याकडे येतायत. सप्टेंबरचा दुसरा शनिवार."

"एकतीस साली तू एक्याऐंशीचा असशील."

"मग? मला खेळायचं थोडंच आहे? बसून तर बघायचंय."

तिघंही हसली, पण हसण्यात दम नव्हता. दर तीन-चार वर्षांनी कोच गेला की तेच बोलून तिघंही थकली होती. ब्रिटा मात्र त्या कागदाकडे पाहत राहिली. एकतीस सालचा शनिवार ठरलाय, आणि पुढच्या आठवड्याचं काही ठरत नाही.

"लीगचं नि टीव्हीवाल्यांचं नाव काढू नका," लाईल म्हणाला. "ऑक्टोबरातला आपला मोकळा शनिवार त्यांनीच खाल्ला. अख्खं गाव लग्नं, बाप्तिस्मे सगळं त्या एका बिनसामन्याच्या आठवड्यात उरकतं. मी खुबा त्यातच बदलून घेतला. आणि या डेलचं बघा. सामना नेमका त्या आठवड्यात सरकला नि बिचाऱ्याला फोन करून ऑपरेशन रद्द करावं लागलं."

आर्डिसनं टेबलाखालून त्याला पाय मारला, पण उशीर झाला होता.

"तुम्ही रद्द केलंत?" ब्रिटानं विचारलं. "तुम्ही?"

डेल्बर्टनी कप फिरवला. "पुढे ढकललं. हंगाम संपला की करणारच होतो."

"हंगाम संपून दहा दिवस झाले."

"तोवर हा कोच गेला ना. आता नवा कोण येतो, नाताळानंतरचा तो निमंत्रणाचा जादा सामना कोण सांभाळतो..."

"गुरुवारी सिग्नलला काय झालं, आजोबा?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ऊन डोळ्यावर आलं."

"बालवाडीकडे जाताना सकाळचं ऊन पाठीमागून येतं."

नेल डोनटची साखर बोटानं चाटत होती.

"आजपासून नेल तुमच्या गाडीत बसणार नाही," ब्रिटा म्हणाली. किती मऊ करून ठेवलं होतं तिनं ते वाक्य, आणि बाहेर पडलं ते असं, दगडासारखं.

डेल्बर्टच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ही चारचौघांत सांगायची गोष्ट होती?"

"नव्हती. पण घरी विषय काढला की तुम्ही टोपी घालून इथं येता."

"डेल," आर्डिस हळूच म्हणाली, "माझ्या हॅरल्डच्याही डोळ्यावर ऊनच यायचं. शेवटपर्यंत तेच सांगत होता."

लाईल फासे मुठीत धरून खाली बघत राहिला. डेल्बर्टनी खिशातून फोन काढला आणि ब्रिटाकडे सरकवला.

"तू लाव. मी लावला तर पुन्हा काहीतरी कारण सांगेन त्यांना."

तिनं लावला. पलीकडून हॉस्पिटलातली बाई म्हणाली, एक जागा रिकामी झालीय, पुढचा मंगळवार, सोळा तारीख. नाहीतर मग जानेवारीच्या शेवटी. ब्रिटानं फोनवर हात ठेवून विचारलं. सवयीनं डेल्बर्टची नजर भिंतीकडे गेली.

"सोळा," ते म्हणाले. "सांग, सोळा."

त्यांची गाडी घरी पोचवायचं लाईलनं कबूल केलं. ब्रिटाच्या छोट्या गाडीत ते गुडघे दुमडून पुढे बसले, नेल मागे. दोन वळणं गेली.

"चौकातल्या 'स्टॉप'च्या पाटीला तू पुरती थांबत नाहीस," डेल्बर्ट म्हणाले. "नुसती हळू करतेस."

पुढच्या चौकात ब्रिटानं गाडी पुरती थांबवली. रस्ता दोन्हीकडून रिकामा होता. डेल्बर्टनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग 'चल' म्हणून मान हलवली.