लोर्नाची बोटं

"परत एकदा चाल गं," लोर्ना म्हणाली.

"आठव्यांदा," जोलीन म्हणाली. "एवढं चालून मी घरी पोचले असते."

ती कुरकुरत भिंतीपर्यंत गेली आणि वळून आली. अंगाला चिकटवलेले चकाकते ठिपके बारा कॅमेऱ्यांनी टिपले आणि माझ्या पडद्यावर तिचा सांगाडा चालू लागला. हाडं, सांधे, स्नायू, सगळं त्या ठिपक्यांवरून गणिताने उभं केलेलं. फक्त पाऊल उचललं की सांगाड्याचा उजवा गुडघा निखळलेल्या दारासारखा बाजूला झुकत होता.

माणसाचा गुडघा असा बाजूला उघडत नाही. उघडला असता तर जोलीन आपटली असती, आणि ती तर उभ्या उभ्या आमची थट्टा करत होती.

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या या इस्पितळात मी अकरा वर्षं असे सांगाडे बनवतो. लोर्ना हॉगेन तेहतीस वर्षं ठिपके लावते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो. तो बोटाने चाचपून ठिपका नेमका त्यावर बसवायचा. ठिपका बोटभर सरकला तर कंप्युटरला मांडीचं हाडच पिळलेलं दिसतं. स्वतःची अक्कल त्याला नाही. सांगितलेलं ऐकतो बिचारा. बाहेरगावचे लोक हे काम शिकायला यायचे, तेव्हा लोर्ना डोळे मिटून ठिपका लावून दाखवायची.

जोलीन एकोणीस वर्षांची. जन्मापासून पाय आत वळवून चालते. तिच्या मांडीचं हाड पंचवीस अंश पिळलेलं आहे असं आम्हीच मागच्या महिन्यात कळवलं होतं. त्यावरून ते कापून, फिरवून, पट्टी घालून जोडायचं सर्जननी ठरवलं होतं, येत्या मंगळवारी. आजची मोजणी शेवटची. मागच्या वेळीही गुडघा थोडा झुकला होता. कातडी सरकली असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं.

"कॅमेरे बघ," लोर्ना म्हणाली.

"सकाळीच तपासलेत. रोज तपासतो."

"मग तुझा प्रोग्रॅम."

"त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"कुणीतरी मारलंय ना."

मी प्रोग्रॅम तपासला. हाडांच्या लांब्या तपासल्या. मला खरं तर मजा वाटत होती. असं कोडं रोज मिळत नाही. शेवटी लोर्नाने गुडघ्याचा ठिपका काढून पुन्हा लावला. हाडाचा पीळ तेवीस अंशांवरून सतरावर आला. आणखी एकदा लावला. अठ्ठावीस.

"तासाभरात माझं हाड तीनदा वळलं," जोलीन म्हणाली. "सर्जन त्यातलं कुठलं कापणार आहेत?"

माझी मजा तिथेच संपली.

लोर्ना आपल्या बोटांकडे बघत स्टुलावर बसली. "वेंडेल, वर्षातून एकदा आपण सगळे एकाच माणसाला ठिपके लावून आकडे जुळवतो ना? त्यात मी शेवटचे कधी लावले?"

मला आठवावं लागलं. चार वर्षं झाली होती. बाकीच्यांचे ठिपके तिच्या ठिपक्यांशी ताडून बघायचे हा आमचा रिवाज. पुढे तिला लावायला सांगणंही आम्ही सोडून दिलं, कारण तिचे बरोबरच असणार. कॅमेरे रोज सकाळी तपासायचे आणि लोर्नाला कधीच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"ऑक्टोबरपासून बोटांची टोकं बधिर आहेत," ती म्हणाली. "वाटलं, थंडी आहे, जाईल. शर्टाची बटणं बघून लावते हल्ली. ठिपकेही बघूनच लावत होते की काय, कोण जाणे. ऊठ, आता तू लाव."

"मी? मी आयुष्यात कुणाच्या गुडघ्याला हात लावलेला नाही."

"बायकोच्याही?" जोलीनने विचारलं. मग म्हणाली, "लावा. पण हात चोळून घ्या आधी."

मी गुडघे टेकून बसलो. लोर्ना मागे उभी राहून सांगत होती. "मऊ लागतंय ते नव्हे. अजून मागे जा. आता तिचा पाय वाकव. बोटाखालचं सरकलं?"

"सरकलं."

"मग ते सोड. पाय वाकला तरी मांडीच्या हाडावर जागचं हलत नाही, ते शोध."

आणि ते सापडलं. कातडीखाली वाटाण्याएवढं, टणक. अकरा वर्षं मी ते पडद्यावर बघत होतो. तीनदा ठिपका काढून तीनदा लावला. बारा, अकरा, बारा. एवढा पीळ बहुतेकांच्या हाडात असतोच. सांगाड्याचा गुडघा सरळ वाकला.

"म्हणजे कापायचं नाही?" जोलीनचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"ते सर्जन ठरवतील. पण मंगळवारी नाही, एवढं मी बघते," लोर्ना म्हणाली, आणि जोलीनसमोरच त्यांना फोन लावला. "चूक माझ्या बोटांची आहे," असं तिने दोनदा सांगितलं. बहुतेक पलीकडून पहिल्यांदा कुणी मानलं नसावं.

जोलीन गेल्यावर लोर्ना म्हणाली, "ऑक्टोबरपासून मी ठिपके लावलेल्यांची नावं काढ."

एकेचाळीस निघाली. त्यातल्या दोघांची ऑपरेशनं होऊन गेली होती. एक नऊ वर्षांची मुलगी, एक शाळामास्तर.

"हे वरच्यांना कळवू. फोन ते करतील," मी म्हणालो.

"त्यांना कळवच. पण ठिपके त्यांनी नव्हते लावले."

मला तिला थांबवायचं होतं. तेहतीस वर्षांच्या नावाचं काय होईल ते मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतंच. तिने रिसीव्हर उचलला. आकडे दाबताना चुकली, ठेवला, आणि पुन्हा एकेक आकडा नीट बघून दाबला.

"मी लोर्ना हॉगेन बोलतेय, इस्पितळातल्या चाल मोजायच्या खोलीतून," ती म्हणाली. "तुमच्या मुलीला ठिपके मी लावले होते. कशी चालते ती आता?"

मग कागद पुढे ओढून ती पलीकडचं एकेक वाक्य लिहून घेऊ लागली.