निळ्या फुलांचं पोतं

मंदीच्या त्या वर्षांत आमच्या कॅन्ससमध्ये बायका पिठाच्या छापील पोत्यांचेच झगे शिवत. माझी लोरेना सकाळी वारली. तिच्या निळ्या फुलांच्या नव्या झग्याला बाह्यांपुरतं कापड कमी पडलं होतं, आणि तिला त्याच झग्यात पुरायचं मी ठरवलं होतं.

दुकानदार एमेट मला पाहून हसला. "काय रे वर्लिन, बायकोनं आज पुन्हा पिटाळलं वाटतं?"

"निळ्या फुलांचं हवंय."

ते सगळ्यात खाली होतं. एमेटनं धापा टाकत वरची नऊ पोती उतरवली. "तिला सांग, पुढच्या वेळी स्वतः येऊन उपस म्हणावं!"

मला खरं बोलवेना. "सांगतो," म्हणालो, आणि पोतं खांद्यावर घेऊन घराकडे निघालो. बाह्या शिवायला शेजारीण थांबली होती.