पाण्याला न शिवणारा टॉवेल

मालकांच्या कारखान्यातला टॉवेल दिसायला अगदीच सुमार. रंग मळका पांढरा, आणि अंग असं खरखरीत की आपण काय गुन्हा केला, असा पाठीला प्रश्न पडावा. पण पाणी प्यायचा! ओल्या अंगावर नुसता टेकवला तरी थेंब आत गडप. हॉटेलं, इस्पितळं, न्हाव्यांची दुकानं वर्षानुवर्षं तोच टॉवेल नेत होती. कौतुक कोणी करत नसे, पण दुसरीकडे जातही नसे.

मालकांना मुलगी एकच. त्यामुळे जावई घरात आले ते कारखान्यात एक पाय टाकूनच. त्यापूर्वी ते अत्तरांच्या कंपनीत जाहिराती करत. गोड बोलायचे, कपडे झकास घालायचे आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचंच मत त्याला नवीन म्हणून विकायचे. सगळा कारखाना त्यांना जावईबापू म्हणू लागला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक टॉवेल गालाला लावला आणि ‘आई गं!’ म्हणून खाली ठेवला.

“बाबा, हा टॉवेल आहे की घासणी?”

“पाणी चांगलं पितो,” मालक म्हणाले.

“ते दुकानात कोणाला कळतं? दुकानात माणूस अंघोळ करून येतो का? तो टॉवेल उचलतो, गालाला लावतो आणि घेतो. आपण गालासाठी टॉवेल बनवायचा.”

यात खोट काढायला जागा नव्हती. शिवाय जावयाची पहिलीच सूचना. मालकांनी मान डोलावली.

टॉवेल विणून झाला की शेवटच्या धुण्यात त्याला थोडा सॉफ्टनर देतात. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि कापड मऊ लागतं. जावईबापूंनी तो दुप्पट करायला सांगितला. नमुना आला, गालाला लावला, मग तिप्पट. शेवटी असा टॉवेल निघाला की हात फिरवणाऱ्याला सोडवेना. फिका गुलाबी, सशासारखा लुसलुशीत. धुलाईखात्याच्या फोरमनने गंमत म्हणून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब आत जाईना. मोत्यासारखा वर उभा राहिला, टॉवेल तिरका केला तसा घरंगळत खाली पडला.

“काय झालं?” जावईबापूंनी विचारलं.

फोरमनची बढती जवळ आली होती. “काही नाही साहेब. थेंब काय सुबक दिसतो यावर!”

नव्या टॉवेलांचा पहिला गठ्ठा अर्थातच घरी आला. मालक अंघोळीला गेले. त्यांनी छाती पुसली, तर पाणी पाठीवर गेलं. पाठ पुसली, तर पोटऱ्यांवर उतरलं. घरभर फिरणाऱ्या पाहुण्यासारखं ते सगळीकडे जाऊन आलं, पण निघायचं नाव घेईना. ओल्या अंगावरच सदरा चढवून मालक बाहेर आले.

“कसा वाटला, बाबा?”

“लोणी!” मालक म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळीवरून एक थेंब चहाच्या कपात पडला. तो सगळ्यांनी पाहिला आणि कोणीच पाहिला नाही.

मग सासूबाईंची पाळी. त्यांनी तर “अंगाला लागतोय हेच कळत नाही हो,” अशी दाद दिली. ती अक्षरशः खरी होती. मुलगी म्हणाली, “छान आहे रे,” आणि पंख्याचं बटण दाबलं.

त्या दिवसापासून घराने आपापल्या वाटा शोधल्या. सासूबाईंनी एक जुनी चादर फाडून कपाटामागे दडवली. मुलगी न्हाणीघरातून निघाली की खोलीचं दार लावून पंख्याखाली उभी राहायची. मालकांनी जुन्या टॉवेलाचा एक तुकडा कापून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. स्वतःच्याच कारखान्याचा माल ते चोरासारखा घरात नेत-आणत होते. तिघांनाही सर्दी झाली. डॉक्टर म्हणाले, “केस नीट पुसत जा.” यावर तिघांनीही खाली बघितलं. न्हाणीघरात गुलाबी टॉवेल मात्र कोरडे ठणठणीत लटकत होते, आणि ते इतके दिवस नव्यासारखे राहतात याचंही जावईबापूंना श्रेय मिळालं.

दुकानांत माल हातोहात गेला. लोक गालाला लावत होते आणि घेत होते. परत कोणी काही सांगायला आलं नाही. इतका सुंदर टॉवेल, तर चूक आपल्या अंगाचीच असणार, असं त्यांना वाटलं असावं.

मग आल्या हॉटेलच्या बाई. एका मोठ्या हॉटेलच्या खोल्यांची सगळी व्यवस्था त्या बघत. कारखान्याच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्यासमोर कॉफी आली, गुलाबी टॉवेलांची चळत आली आणि जावईबापू उभे राहिले. बाईंनी टॉवेल हातात घेतला. गालाला लावला नाही. उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे कॉफीचा कप टेबलावर आडवा केला.

“पुसा,” त्या म्हणाल्या.

जावईबापू हसले. त्यांनी ऐटीत टॉवेल उलगडला आणि कॉफीवर फिरवला. टॉवेलाने कॉफीला हात लावला नाही, फक्त पुढे ढकललं. जावईबापूंनी डावीकडून अडवलं, कॉफी उजवीकडे गेली. उजवीकडून घेरलं, ती सरळ बाईंच्या मांडीवर उतरली.

“अहो, अहो!” म्हणत मालक उठले. हात सवयीने कोटात गेला आणि तो खरखरीत तुकडा बाहेर आला. दोनदा दाबला, टेबल कोरडं, बाईंचे कपडेही जवळजवळ कोरडे.

बाईंनी तो तुकडा दोन बोटांत धरला. “हा कोणाचा?”

“आमचाच,” मालक पुटपुटले. “जुना.”

“मग हाच द्या की! मला पाहुण्यांची अंगं पुसायची आहेत, लाड करायचे नाहीत.”

जावईबापू कॉफीकडे नाही, त्या तुकड्याकडे बघत होते. “बाबा, तुम्ही खिशात घेऊन फिरता?”

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. जावईबापूंनीच विषय काढला. “मला कोणी सांगितलं का नाही?”

“जावई आहात ना तुम्ही,” सासूबाई म्हणाल्या. “जावयाच्या हौसेत कोण खोट काढणार? मी आपली चादर वापरते.”

“आणि मी पंख्याखाली उभी राहते,” मुलगी म्हणाली. मग तिची नजर नवऱ्यावर थांबली. “पण तू? तू काय वापरतोस? तुझे केस तर नेहमी कोरडे असतात.”

जावईबापूंनी घाईघाईने आमटी वाढून घेतली.

“ती न्हाणीघरातली घरघर. मला वाटायचं, तू दाढी करतोस.”

“केस वाळवायचं यंत्र आहे,” जावईबापू पडेल आवाजात म्हणाले. “अंगालाही चालतं.”

मालकांचा घास हातातच राहिला. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी कळलं. बंद करायला निघालो होतो, बाबा. पण तुम्ही ‘लोणी’ म्हणालात.”

यावर सासूबाईंना हसू आवरेना. मुलगी मात्र हसली नाही. तिला त्या सर्दीचा, पंख्याखालच्या कुडकुडण्याचा, आणि त्याहून जास्त म्हणजे ‘छान आहे रे’ असं आपण इतक्या सहज म्हणालो याचा राग आला होता.

“उद्यापासून मी कारखान्यात येते,” ती म्हणाली. “जुना टॉवेल मी बघेन. आणि माझ्यासमोर कोणी ‘छान’ म्हणायचं नाही. बादलीत बुडवायचा आणि काय झालं ते सांगायचं.”

ती गेली. फोरमनला पहिल्या दिवशी बादली दाखवली तेव्हा तो सवयीने “काय सुंदर बादली आहे, बाईसाहेब” म्हणाला. त्याची बढती पुढच्या वर्षावर गेली. हॉटेलच्या बाईंना खरखरीत माल वेळेवर पोचला.

उरलेल्या गुलाबी टॉवेलांचं काय करायचं हा प्रश्न जावईबापूंनी स्वतःच सोडवला. बिल्डर लोक इमारत बांधताना एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवतात. तिथे न्हाणीघर असतं, नळ असतात, फक्त नळाला पाणी नसतं. अशा घरांत टॉवेलाला एकच काम: दांडीवर सुरेख दिसणं. बिल्डरांनी सगळा गठ्ठा उचलला आणि आणखी मागितला. मग दागिन्यांच्या दुकानांनी काचेत अंथरायला नेला, फोटो काढणाऱ्यांनी नेला, आणि एका मंत्र्याच्या ऑफिसातून खुर्चीच्या पाठीवर टाकायला मागणी आली.

आता कारखान्यात दोन खाती आहेत. एकात मुलगी दिवसभर बादलीजवळ उभी असते आणि तिच्या हातांना पाण्याने सुरकुत्या पडल्या आहेत. दुसऱ्यात जावईबापू बसतात. तिथल्या पाटीवर ‘शोभेचे टॉवेल’ असं स्वच्छ लिहिलं आहे, म्हणजे निदान खोटं कोणी बोलत नाही. कोणतं खातं जास्त कमावतं, हे मालकांना माहीत आहे. मुलीने विचारलं तर सांगायचं असं त्यांनी ठरवलं आहे, आणि ती विचारू नये म्हणून ते हल्ली बादलीच्या बाजूला फिरकत नाहीत.