शेपटीकडचे पट्टे

श्रावणी सोमवारचा बेल खुडून मी कुंपणाकडून परत येत होते, तेव्हा मागच्या पडवीतून सूनबाईचा आवाज आला. चंद्रिकेचा बाहेर बसण्याचा तो दुसरा दिवस. लाकडांच्या आणि गोवऱ्यांच्या ढिगाजवळ, जमिनीवर घोंगडी टाकून ती निजली होती. आमच्याकडे तशीच रीत.

"सासूबाई, पोटरीला काहीतरी चावलं. मुंगी असेल."

मी सोवळ्यात होते, म्हणून दूरच उभी राहिले. "घोंगडी झाडून बस, बाळ."

तिनं घोंगडी उचलली आणि खालून काळं काहीतरी सरपटत गोवऱ्यांत शिरलं. ती किंचाळली. गोठ्यात धार काढत असलेला आमचा गडी महिपती काठी घेऊन धावला.

घोरावाडीच्या फाटकापलीकडच्या या बागेत जनावरं नवी नाहीत. फुलाला हात घालण्याआधी फांदी हलवायची, ही सवय मला लग्न होऊन आल्यापासूनची. विहिरीत दिवड, बांधावर धामण, दिव्याजवळच्या भिंतीवर पाली धरणारा कवड्या. मी कुणालाच मारू देत नाही. त्या दिवशी मात्र मी 'नको' म्हटलं नाही.

"कवड्याच हाय, काकू," महिपती ओरडला. "काळ्यावर पांढरं पट्टं. गरीब जनावर, भिऊ नका."

परडी देवघरात ठेवून मी परत येईपर्यंत परसात आग पेटलीसुद्धा होती. मारलेलं जनावर तसंच टाकलं तर त्याची जोडी डूख धरून येते, म्हणून तोंडात तांब्याचा पैसा ठेवून, वर तूप सोडून लगेच दहन करायचं. त्यात कुणी कुणाला विचारत नाही. तुपाची वाटी ह्यांनीच आतून आणून दिली होती.

किंचाळी ऐकून शेजारच्या मळ्यातल्या अंबूबाई कडुलिंबाचा पाला घेऊनच आल्या. पडवीच्या कडेवरून त्यांनी तो चंद्रिकेपुढे टाकला.

"चाव गं पोरी. कसा लागतोय?"

"शी! कडू."

"कडू ना? मंग इख न्हाई. ग्वाड लागला आस्ता तर घोर व्हता." अंबूबाई कमरेवर हात ठेवून हसल्या. "नवरा तिकडं लोणावळ्याच्या ठेसनात तिकिटं फाडतोय, त्याची आठवण चावली आसंल. त्याला बोलवा, लगीच उतरंल!"

सगळेच हसलो. चंद्रिकाही हसली, पण तिचं हसू वाकडं पडलं आणि डावी पापणी अर्ध्यावरच राहिली.

"सासूबाई, डोळा उघडत नाही हो. आणि थुंकी गिळता येत नाही."

"रातभर डास आस्त्यात हितं. झोप आलीया तिला," अंबूबाई म्हणाल्या.

पोटरीवर सूज नव्हती, रक्त नव्हतं. सुई टोचल्यासारखे दोन ठिपके तेवढे. त्या न दुखणाऱ्या ठिपक्यांचीच मला भीती वाटली. चिमटा घेऊन मी आगीपाशी गेले. डोक्याकडचा भाग जळून कोळसा झाला होता. शेपटी गोवरीबाहेर लोंबत होती. ती ओढून ओल्या पदरानं पुसली. निळसर काळी, तेल लावल्यासारखी तकतकीत, आणि टोकापर्यंत बारीक पांढरे पट्टे, जोडीजोडीनं.

भिंतीवरच्या कवड्याचे पट्टे मानेशी ठसठशीत असतात. शेपटीकडे विरत जातात. वर्षानुवर्षं पाहते मी त्याला.

"महिपती, हा मण्यार आहे रे."

तो शेपटीवर वाकला. "म्या डोसकं नीट बगितलंच न्हाई, काकू. निस्तं पट्टं बगितलं."

हे टांगा घेऊन तळेगावात गेले आणि डॉक्टरांना घेऊनच आले. तोवर तिचं बोलणं बोबडं होऊन बंद पडलं होतं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: "कोणता साप?" मी केळीच्या पानावरची शेपटी पुढे केली. ती पाहून त्यांनी उघडलेली पेटी मिटली.

"आई, तुम्हाला फसवत नाही. नाग, घोणस यांच्यावर लस आहे. याच्यावर माझ्याजवळ काही नाही."

"मग काय करू मी?"

"हिचा श्वास बंद पडेल. काळीज काही वेळ चालत राहील. तेवढ्यात श्वास आपण द्यायचा, बुडालेल्याला देतात तसा." त्यांनी तिला उताणी निजवली, मान मागे केली, तिचे दोन्ही हात धरून डोक्यामागे ओढले, मग दुमडून बरगड्यांवर दाबले. "वर ओढलं की हवा आत, दाबलं की बाहेर. विष ओसरेपर्यंत. आज, उद्या, सांगता येत नाही. थांबलात तर संपलं."

श्वास दुपारच्या आतच थांबला. डॉक्टर आणि महिपती आळीपाळीनं ओढत होते. डॉक्टरांचे हात मंदावू लागले, तशी मी पडवीत उतरले.

"काकू!" अंबूबाई ओरडल्या. "तुमी सोवळ्यात. तिचा दुसरा दिस. आन् म्हादेवाला आजून पानी न्हाई."

मी चंद्रिकेच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि तिची मनगटं धरली. गार होती. वर. खाली. जपमाळेचे मणी ओढताना जे नाव तोंडात असतं तेच आलं: वर ओढताना 'शिव', दाबताना 'शिव'. देव आत पारोसा होता. त्याला मनात म्हटलं, आज तुला मी इथंच पाणी घालते, रागावू नकोस.

दिवेलागण झाली. दिवा कुणी लावला नाही. हे दारात कपाळाला हात लावून बसलेले. माझी बोटं वळेनाशी झाली आणि एक फेरा चुकला. मग दुसरा चुकला.

"सरा," मागून आवाज आला. अंबूबाईंनी पदर खोचला होता. "मोट वढलीया म्या. सरा म्हन्ते न्हवं."

त्यांनी तिचे हात माझ्या हातांतून घेतले. मी वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं. "चंद्रिके, ऐकतेस का गं? आम्ही सोडलं नाही तुला. तूही सोडू नकोस."

अंगात हालचाल नाही, पापणी नाही, ओठ नाही. फक्त मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानशिलावरून माझ्या बोटांवर उतरलं. ऊन होतं.

"ती आहे," मी डॉक्टरांना म्हटलं. "ती आत आहे अजून."

"मग थांबू नका," ते म्हणाले. अंबूबाईंनी हात वर ओढले.