बादलीत बुडवलेली कुंडी

मित्रांनो, मी एका कुंडीतली जुनी पीट-माती आहे. नाव माती असले तरी मी मूळची शेवाळ. दलदलीत शेवाळ मरत गेले, पाण्याखाली हवेवाचून साचत गेले आणि हजारो वर्षांनी मी झाले. वरच्या थरातली मी फिकट, तंतूंची, हलकी. माझी थोरली बहीण खालच्या थरातली, काळी आणि जड. कापून वाळवल्यावर आमच्यातल्या काहींच्या दाबून विटा केल्या, काहींच्या रोपांसाठी चकत्या. मला सुटीच पोत्यात भरले.

या घरच्या बाईंनी मला आणले, कारण त्यांच्या अझेलियाच्या फुलझाडाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. त्या कामात मला तोड नाही. झाड दरवर्षी फुलांनी भरून जाई.

"माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त," त्यांचे यजमान म्हणत.

"ते कुरकुर करत नाही," बाई म्हणत.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्या दिवसांत खिडकीतल्या आमच्या कुंडीकडे कोणी पाहिले नाही. मी कोरडीठाक झाले. ओली असताना मी पुष्कळ पाणी धरते, पण पार सुकले की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी आत घेत नाही.

यजमान रोज मगभर पाणी घालू लागले. ते कडेने वाहून बशीत उतरे. पाने गळतच राहिली.

"तिचं एवढंच उरलंय," ते मेहुणीला म्हणाले, "तेही माझ्या हातून जाणार."

मेहुणीने कुंडी उचलून पाहिली. "भाऊजी, ही तर कापसासारखी हलकी! पालथ्या घड्यावर पाणी घालताय तुम्ही. बादलीत कोमट पाणी घ्या, आख्खी बुडवा."

कुंडी तरंगू लागली. यजमानांनी ती हाताने दाबून धरली. माझ्यातून बुडबुडे निघू लागले.

"किती वेळ धरू?"

"बुडबुडे थांबेपर्यंत. घाई आहे का कुठे?"

"मला कुठे जायचंय आता!" ते स्टुलावर बसले. "ती असती तर हसली असती मला."

"हसली नसती. ओरडली असती."

यजमान हसले. हात मात्र त्यांनी काढला नाही.

आज झाडाला नवे कोंब आहेत. मित्रांनो, मी फार हळू तयार होते, म्हणून मला जपून वापरा, सुकू देऊ नका. आणि सुकलेच, तर पाणी घेत नाही म्हणून फेकू नका. बुडवा, वर हात ठेवा आणि थांबा. मी घेते.