मोठ्या तोंडावरचे झाकण

मी एक जुने ढवळण्याचे यंत्र आहे. नीट सांगायचे तर एक रुंद, उथळ पोलादी पात्र, आत दोन वाकडी पाती आणि बाहेर हाताने फिरवायची एक मूठ. क्वांगोच्या वाळूच्या पठारावर किबुंदा नावाच्या गावात गवताच्या छपराखाली मी उभे आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या, खुर्च्या आणि शाळेच्या घंटा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. शेवटी त्या सगळ्या एकच रडगाणे गातात, की आमची कोणी काळजी घेतली नाही. माझे तसे नाही. माझी काळजी फार घेतली गेली, आणि सांगायचे आहे ते त्याबद्दलच.

माझा जन्म किन्शासा या मोठ्या शहरातला. बिअरच्या कारखान्यातली एक फुटकी टाकी भंगारात निघाली होती, तिचा पत्रा कापून मला घडवले. घडवणारे डॉक्टर वुंबी हे प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ. बोटे रसायनांनी पिवळी पडलेली, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, आणि मनात एकच ध्यास, की कडू कसाव्यातले विष काढायचे. कसावा म्हणजे तुम्ही ज्याचा साबुदाणा खाता तोच कंद. आमच्याकडचा मात्र कडू असतो आणि त्या कडवटपणात विष असते. बायका तो दिवसचे दिवस ओढ्यात भिजत घालतात, मग वाळवतात, कुटतात, तेव्हा कुठे त्याच्या पिठाचा लुकू, म्हणजे उकडीसारखा घट्ट गोळा, रांधता येतो. ताटात लुकू नसेल तर आमच्याकडे जेवण झाले असे कोणी म्हणत नाही.

डॉक्टरांनी दोन शोध लावले. पहिला शोध एका पांढऱ्या पुडीचा. शाळेत तुम्ही विकर हा शब्द वाचला असेल, ही पूड तसल्याच एका विकराची. दुधाला चमचाभर विरजण पुरते तशी ओल्या पिठाला ही चिमूटभर पुरते. पिठात अडकून पडलेले विष ती मोकळे करते. दुसरा शोध म्हणजे मी. मोकळे झालेले विष वाफ होऊन हवेत निघून जायला हवे, म्हणून माझे तोंड परातीसारखे रुंद आणि उघडे ठेवले. पाती अशी वळवली की तळाचे पीठ वर यावे आणि कणाकणाला वारा लागावा. पुडीने विष सोडवायचे आणि मी त्याला बाहेर काढायचे, असा आमचा जोडीचा संसार होता.

या जोडीचे पेटंट मिळाले. माझे तोंड उघडे का ठेवायचे, याची फोड त्या अर्जात अगदी बारकाईने केलेली होती. डॉक्टर ती मोठ्याने वाचत तेव्हा मी शेजारीच असे. मग ते कागद दूरच्या शहरात कुठल्याशा कपाटात गेले, आणि माझ्या पोटावर फक्त पेटंटच्या आकड्याची पट्टी ठोकली गेली. त्या पट्टीचा मला भारी तोरा होता. आता ती उन्हात चमकली की मेल्याहून मेल्यासारखे होते.

मालमोटारीत बसून, वाळूत रुतत रुतत मी किबुंद्याला आले. सगळा गाव जमला. बायकांच्या पुढे उभी होती मा किनिआती. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मा म्हणतात आणि पुरुषाला ता. मा किनिआती म्हणजे मोठी कामसू आणि तितकीच कडक बाई. तिच्या अंगणात पान पडले तरी त्याला भीती वाटावी, अशी तिची स्वच्छता.

"पीठ घालायचं, पाणी शिंपडायचं, चिमूटभर पूड टाकायची आणि फिरवत राहायचं," डॉक्टर म्हणाले. "वास जाईपर्यंत फिरवा. वास गेला की पीठ झालं."

"ते झालं. पण डॉक्टर, याचं तोंड एवढं मोठं कशाला?" मा किनिआतीने विचारले. "काही बोलणार आहे का हे?"

बायका खदखदून हसल्या. डॉक्टरही हसले, पण त्यांची नजर गर्दीतल्या ता लुसालावर गेली. तो गावचा पत्र्याचे काम करणारा कारागीर. उकिडवा बसून तो काडीने वाळूत माझे चित्र काढत होता, आणि चित्र चांगले जमले होते.

"ते माझ्यापाशीच राहू द्या, मा," डॉक्टर म्हणाले. "पेटंट आहे त्याचं. सगळं सांगत बसलो तर उद्या दारोदारी याची पिल्लं दिसतील."

"ठेवा बाई तुमचं गुपित. आम्हाला लुकूशी मतलब."

मी तिथेच होते, मित्रांनो. मला सगळे ठाऊक होते, आणि मला ते सांगता येत नव्हते. डॉक्टर हात झटकून गाडीत बसले तेव्हाच माझ्या पात्यांना कसलीशी थंडी वाजून गेली.

पहिली वर्षे मात्र सुखाची गेली. गावाने माझे नाव 'मोठं तोंड' ठेवले. मूठ फिरू लागली की माझ्या तोंडातून कडू बदामासारखा उग्र वास निघे आणि बायकांच्या डोळ्यांना पाणी येई. त्या मान वळवून, नाकाला पदर लावून फिरवत.

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं आहे बघ," एकजण म्हणे. "तोंड उघडलं की पळून जावंसं वाटतं."

"तुझा नवरा फिरवून सुधारत असेल तर आणून घाल की यात!"

अशी थट्टा करत दुपार जायची. वास विरला की पीठ काढायचे आणि चुली पेटायच्या. ओढ्यात कंद भिजवण्याचे दिवसही आता कमी झाले. मोठं तोंड आहे ना, मग कशाला एवढे भिजवायचे? आजूबाजूच्या गावांतली माणसे मला पाहायला येऊ लागली, आणि रस्त्याकडेच्या, नदीकाठच्या गावांतही डॉक्टरांनी माझी भावंडे बसवली, नदीकाठी तर माणसांच्या खांद्यावरून नेऊन. माझ्या छपरापुढच्या मोकळ्या जागेत मुली न्झांगो खेळत. समोरासमोर उभे राहायचे, टाळ्यांच्या तालावर उडी मारायची आणि उतरताना एक पाय पुढे टाकायचा. मा किनिआतीची धाकटी मायांबा या खेळात कोणाला हार जात नसे. तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही, असेच वाटायचे. माझे तिच्यावर मन जडले होते, हे कबूल करायला मला संकोच नाही.

मग तो बोकड मेला. पीठ अर्धे ढवळून बायका पाण्याला गेल्या होत्या. त्याने माझ्या उघड्या तोंडात मुंडके घातले, पोटभर चाटले आणि पलीकडच्या झोपडीमागे जाऊन आडवा झाला. तो पाय झाडत होता, आणि मग त्याचे पाय झाडणे थांबले. त्याच आठवड्यात मा किनिआतीच्या व्याह्यांच्या दाताखाली लुकूतली वाळू कचकन वाजली. पाहुण्यांदेखत! बोकडाचे तिला वाईट वाटले होते, पण ही वाळू तिच्या जिव्हारी लागली.

"ता लुसाला," ती म्हणाली, "या मोठ्या तोंडाला झाकण कर. एवढ्या मोलाची वस्तू आणि आम्ही उघडी टाकतो. जनावर तोंड घालतंय, वारा वाळू टाकतोय. शोभतं का हे?"

"असं झाकण करतो की बघत राहशील, मा," ता लुसाला म्हणाला.

त्याने केलेही तसेच. छपराचा नवा पत्रा ठोकून ठोकून त्याने माझ्या कडेला बसता केला आणि ट्रकच्या ट्यूबचे रबर कापून भोवती पट्टी लावली. मूठ फिरत राही आणि तोंड मिटलेले. काम संपल्यावर त्याने झाकणावर थाप मारली. "घे! मुंगीसुद्धा आत जाणार नाही."

मुंगीच काय, मित्रांनो, आतून काही बाहेरही जाणार नव्हते. पहिल्या दिवशी झाकण बसले आणि मूठ फिरू लागली, तेव्हा पुडीने आपले काम चोख केले. विष सुटले, वर आले, पत्र्याला धडकले आणि परत पिठात उतरले. मी जीव तोडून ओरडले असते. माझ्या पात्यांचा नुसता कर्रर्र आवाज झाला, तर मा किनिआतीने लगबगीने त्यांना पामतेल लावले.

"अगं, वास नाही आला!" एक बाई आनंदाने म्हणाली. "सुरुवातीलाच गेला!"

"मग झालं पीठ. डॉक्टर काय म्हणाले होते? वास गेला की झालं."

"आता दुपार मोकळी. झाकणाने काम केवढं हलकं केलं बघ."

झाकण काढताना एक भपकारा आला, तो शेवटचाच म्हणून कोणी मनावर घेतला नाही. डॉक्टरांचा शब्द त्यांनी पाळला होता, अगदी जसाच्या तसा. त्यांना मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? पीठ चुलीकडे जाताना मला नुसते पाहावे लागे. रोज सकाळी मा किनिआती मला राखेने घासून लखलखीत करी, झाकण पुसे, ओल्या फडक्याने आकड्याच्या पट्टीवरची धूळ काढी. तिचा हात मायेचा होता. मला तो नकोसा झाला.

त्या साली कोरडा हंगाम लांबला. नदीत मासा नाही, झाडांवर खायचे सुरवंट नाहीत. ताटात नुसता लुकू आणि कसाव्याच्याच पाल्याची भाजी. भूक वाढली तशी माझी मूठ जास्त फिरू लागली. जेवल्यावर लोकांचे डोके दुखू लागले. कोणाला भोवळ आली, कोणाला ओकारी झाली. कोणी एका म्हातारीवर करणीचा आळ घेतला, कोणी उन्हावर. छपराखालच्या लखलखीत यंत्राकडे बोट कोणी दाखवले नाही. मी तर गावाची शोभा होते.

एका सकाळी मुली खेळायला जमल्या. टाळ्या सुरू झाल्या. मायांबाने उडी मारली आणि ती काठीसारखी सरळ खाली आली, वाळूत तोंडावर. मुलींना वाटले ती सोंग करते आहे. तिलाही हसू आले.

"आई, बघ गं, माझे पाय झोपलेत," ती म्हणाली.

मा किनिआतीने तिला उभे केले. पाय ताठ झाले होते, गुडघे एकमेकांवर घासत होते आणि टाचा जमिनीला टेकेनात. मायांबा हसायची थांबली. "आई, हे सोड ना. कोणीतरी बांधलंय."

जमलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने हळूच तो शब्द उच्चारला. कोंझो. आजोबांच्या काळात दुष्काळात यायचा तो आजार, माणसाचे पाय बांधून टाकणारा. तो शब्द ऐकताच बायकांनी आपापली मुले जवळ ओढली. आणि दुपारी, पोटात काही हवे म्हणून, त्याच मुलांसाठी मला पुन्हा फिरवले.

पुढे डॉक्टर वुंबी आले ते, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना मला कसे दाखवायचे ते ठरवायला. तोवर गावातली आणखी दोन लेकरे काठी घेऊन चालू लागली होती. डॉक्टर हसत छपराखाली शिरले आणि झाकण पाहून जागीच थांबले.

"हे कोणी बसवलं?"

"मी करवून घेतलं," मा किनिआती म्हणाली. घरात एवढे दुःख असूनही तिच्या आवाजात किंचित अभिमान होता. "बघा, वाळूचा कण नाही आत."

डॉक्टरांनी झाकण उचलले, पीठ चिमटीत घेऊन नाकाशी नेले. "वास जाईपर्यंत फिरवा म्हटलं होतं ना मी?"

"जातो की. झाकण लावलं की लगेच जातो."

"जात नाही, मा. आत कोंडतो. तो वास म्हणजेच विष. ते निघून जावं म्हणून तर तोंड उघडं ठेवलं होतं."

ता लुसालाने डॉक्टरांच्या हातातून झाकण घेतले आणि त्याची रबराची पट्टी ओरबाडून काढली.

"मी विचारलं होतं," मा किनिआती म्हणाली. "तोंड एवढं मोठं कशाला, म्हणून सगळ्यांदेखत विचारलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं, कोणीतरी नक्कल करेल."

"करू द्यायची होती! उघड्या तोंडाची चार यंत्रं जास्त झाली असती. काय बिघडलं असतं तुमचं?" मग तिचा आवाज एकदम उतरला. "बरं, जाऊ दे. आता झाकण निघालं. आता माझ्या पोरीचे पाय सुटतील ना?"

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. कोंझोने बांधलेले पाय सुटत नाहीत, हे मा किनिआतीला कोणी सांगायला नको होते. तरी तिने विचारले, आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. त्या क्षणी माझा पुन्हा भंगार पत्रा झाला असता तर बरे झाले असते.

"मा," ता लुसाला खाली मान घालून म्हणाला, "आणखी एक आहे. नदीकाठच्या गावांनी झाकण बघून मागितलं. मी करून दिली. त्यांच्याकडं बघून पुढच्या गावांनी ठोकून घेतली म्हणतात. आता कुठं कुठं असतील, मला नाही सांगता यायचं."

माझी नक्कल करायला बंदी होती, मित्रांनो. झाकणाची नक्कल करायला कोणाचीच बंदी नव्हती.

डॉक्टर रस्त्याकडेच्या गावांना बजावायला गाडीकडे धावले. नदीकाठी गाडी जात नाही, पायवाट आहे. मा किनिआतीने कापड घेतले आणि मायांबाला तान्ह्या मुलासारखे पाठीशी बांधायला लागली.

"नको ना आई, मी मोठी झालेय. लोक बघतील."

"बघू देत. माझं बोलणं कोणी मनावर घेणार नाही, वास गेला म्हणतील. तुझे पाय बघितले तर झाकण काढतील."

मायांबाने मग आईच्या खांद्यावर तोंड लपवले. ते ताठ पाय दोन्ही बाजूंनी लोंबत वाळूच्या उतरणीवरून दिसेनासे झाले.

त्या अजून परतलेल्या नाहीत. गाव तसे फार आहेत, आणि लांब आहेत. या घटकेलाही कुठल्याशा छपराखाली कोणीतरी माझ्या एखाद्या भावंडाला मायेने पुसत असेल, तोंडावर झाकण घट्ट दाबत असेल आणि वास गेला म्हणून समाधानाने पीठ काढत असेल. मला घासूपुसू नका, मित्रांनो, माझी तेवढी योग्यता नाही. माझी विनवणी वेगळीच आहे. तुम्ही मोठे होऊन काही नवे घडवाल, तेव्हा कोणी साध्या तोंडाने विचारेल, की हे असं का? त्याला हसून टाळू नका. त्याच्या घरी मुले जेवायला बसलेली असतात.