घाईची साक्ष

"वाटी द्याले आली," असं दारातून म्हणेपर्यंत मनकर्णाबाई उंबरा ओलांडून आत आल्यासुद्धा होत्या.

वाटी गेल्या रविवारी गेली होती, शिऱ्याची. आज शनिवार. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून त्यांनी लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी घातल्या होत्या. पण सत्तरी ओलांडलेली बाई निव्वळ वाटीसाठी भर दुपारी गुडघे धरत येत नाही, एवढं विमलबाईंना कळत होतं. चिखलीच्या त्या गल्लीत दोन्ही घरांना मिळून भिंत एकच होती. अलीकडे कुणी खोकलं की पलीकडे कळायचं.

"बसा मावशी."

"बसतोच." मनकर्णाबाईंनी पलंगाकडे नजर टाकली. शांतवन, विमलबाईंचा नवरा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तीन दिस झाले, सकाळी तुह्या घरातून प्रार्थनेचा आवाज नाई. माहा तं चहाच बिघडला. तुहं आमेन झालं का मी गॅस पेटवतो. आता कधी पेटवावं तेच समजत नाई."

एरवी विमलबाई यावर खळखळून हसल्या असत्या. आज त्यांनी पदर तोंडाला लावला.

विमलबाई तायडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. शांतवन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. पंचक्रोशीतल्या विहिरींवर त्यांचं नाव होतं, पण खरी ऐट रविवारची. चर्चमध्ये गाण्याचा सूर तेच धरायचे आणि मंडळी त्यांच्या मागून गायची. जूनपासून तो आवाज बसायला लागला. आधी सर्दी म्हणून हळद-दूध झालं, मग काढे झाले. शेवटी डॉक्टरांनी घशात गाठ दाखवली. म्हणाले, "वरून तरी साधी वाटते. तुकडा तपासायला पाठवू, मग नक्की कळेल."

विमलबाईंनी 'साधी' तेवढं पदरात बांधून घेतलं आणि बाकीचं दवाखान्यातच सोडलं. रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवानं काय केलं ते सांगायचं आहे का? विमलबाई ताडकन उठल्या. देवानं माझी प्रार्थना ऐकली, माझ्या मालकांची गाठ साधी निघाली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या. त्यांनी पातेलंभर शिरा करून आणला होता, तो वाटला आणि उरलेल्यातली एक वाटी शेजारी दिली.

बुधवारी रिपोर्ट आला.

"क्यान्सर निघाला मावशी," विमलबाई म्हणाल्या. "सोमवारी अकोल्याले बोलावलं. आपरेशन करा लागन म्हनतात. आवाज राहीन का नाई, तेबी सांगत नाईत."

मनकर्णाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंग त्याले सांगतलं का नाई?" त्यांनी हनुवटीनं वर खूण केली.

"कोनत्या तोंडानं सांगू? भर मंडळीत उभं राहून आभार मानले. शिरा वाटला. मीच देवाले खोटं पाडलं. आता हात जोडले का तोच शिरा डोयापुढं येते. शब्दच फुटत नाई."

विमलबाई हे खरं सांगत होत्या. तीन पहाटे त्या पलंगाशेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि तशाच उठल्या होत्या. शांतवननी एकदाही विचारलं नाही, कारण बोलणंच त्यांना जड जात होतं. त्यांच्या गळ्यात चाललेला तो घरघर श्वास ऐकत विमलबाई डबा भरायच्या आणि शाळेत जायच्या. देव आपल्यावर रुसला आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मनकर्णाबाईंनी पाय पसरले, गुडघे चोळले आणि डोळे मिटून एकदम सुरुवात केली, "'हे दयाळू देवबापा, तू आम्हाला रात्रभर सांभाळलंस म्हणून तुझे आभार मानतो.' बराबर? मंग तुह्या शाळेतली लेकरं. मंग खामगावची तुही पोरगी करिष्मा, तिचा नवरा, तिची सासू. सासूचं नाव तू जरा उरकून घेतं. मंग माहे गुडघे. अन् मंग भागवत."

विमलबाईंचा चेहरा पडला. भागवत म्हणजे मनकर्णाबाईंचा मुलगा. 'शेजारच्या भागवतला दारूपासून सोडव' हे त्या रोज म्हणायच्या, पण ते भिंतीपलीकडे जात असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाले आइकू येते?"

"सारं आइकू येते. पयल्या वर्षी लय राग आला होता मले. म्हटलं, ही बाई माह्या पोराची बदनामी करून राह्यली देवापाशी. भांडाले येनारच होती. मंग पाह्यलं, गल्लीत कोनापाशी तू त्याचं नाव काढत नाई. तिथंच काढतं. मंग गुमान आइकत राह्यली."

"मावशी, माफ करा."

"माफीचं राहू दे. मले एक सांग. किती वर्सं झाले?"

"सात."

"सुटली त्याची?"

विमलबाईंनी मान हलवली.

"कालबी पिऊन आला. ओट्यावरच पडून होता. मी त्याची माय, पन मी थकली. आता मांगतबी नाई कोनाले. तू नाई थकली. पावसापान्याचं, तापात, एक दिस खंड नाई. अन् आपल्या मालकाच्या टायमाले तीन दिसात चूप?" मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तीन दिस भागवतचं नाव नाई आइकलं तं मले भेव वाटून राह्यलं. वाटलं, आता त्याचं नाव घेनारं कोनीच नाई. म्हनून आली. वाटीचं नुसतं निमित्त."

त्या उठल्या. पलंगावर शांतवन कुशीवर वळले होते आणि डोळे उघडे ठेवून ऐकत होते. मनकर्णाबाईंनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि भिंत धरत बाहेर गेल्या.

रविवारी विमलबाई चर्चला गेल्या. जाऊ नये असं दहा वेळा वाटलं. दारातच एकीनं हसून विचारलं, "बरं आहे ना आता?" त्या तशाच आत जाऊन बसल्या. साक्षीची वेळ झाली तेव्हा त्या उठल्या. शांतवन पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते.

"मागल्या रविवारी मी सांगितलं होतं की गाठ साधी आहे. ती साधी नाही," विमलबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते तपासून सांगतो, मला धीर निघाला नाही. देव खोटा नाही पडला, घाई मी केली. उद्या अकोल्याला जातो. काय मागावं ते मला समजत नाही. तुम्ही मागा."

एवढं बोलून त्या बसल्या. मागच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. पाळकसाहेबांनी एका गाण्याचा नंबर सांगितला. सूर धरायला कुणी नव्हतं, त्यामुळे गाणं फार वरच्या पट्टीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला निम्म्या लोकांनी सोडून दिलं.

सोमवारी सातची एसटी होती. पहाटे पिशवी भरून झाली, डबा झाला, फाईल दोनदा तपासून झाली. शांतवन पलंगाच्या कडेला बसले. विमलबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि गुडघे टेकले.

"हे दयाळू देवबापा, तू आम्हाला रात्रभर सांभाळलंस म्हणून तुझे आभार मानतो."

आवाज घोगरा निघाला, पण निघाला. शाळेतली पोरं झाली, करिष्मा झाली, या खेपेस सासूचं नावही नीट घेतलं, गुडघे झाले. भागवतचं नाव त्यांनी भिंतीकडे तोंड करून जरा मोठ्यानं घेतलं.

"आणि तुझा सेवक शांतवन याला..."

तिथं गाडी अडली. दिवसभर वऱ्हाडी बोलणाऱ्या विमलबाई देवाशी मात्र पुस्तकातलं बोलायच्या. ते पुस्तकातलं आता पुढं सरकेना.

"देवा, मले लय भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. "यायचा, माह्या मालकाचा, आवाज राहू दे. नाई राह्यला तं आवाज घे, पन यायले राहू दे. अजून मले काई सुचत नाई."

शांतवननी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीसनं काळ्या झालेल्या रेघांचा तो जड हात तसाच राहिला. विमलबाई रडत होत्या, पण आवाज न करता.

पलीकडे काहीच हालचाल नव्हती. या वेळेला एव्हाना भांडं वाजलेलं असायचं. विमलबाईंनी कान दिला. मग त्यांच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडे ती म्हातारी हातात लायटर घेऊन थांबली होती.

"आमेन," विमलबाई मोठ्यानं म्हणाल्या.

पलीकडे लायटर दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा गॅस पेटला.